खंडूला दूध सोसेना

सरोजिनीबाईंना बोलायला माणूस लागायचं. एक वेळ जेवण नसलं तरी चालेल, पण समोर ऐकणारं कुणीतरी हवं. मिरजेच्या शाळेत सगळा जन्म शिकवण्यात गेलेला, त्यामुळे ही सवय अंगात मुरलेली. वर्गातल्या पोरांना ऐकावंच लागायचं, पळून जाणार कुठे? घरी उमाकांतराव होते. तेही बिचारे पेपरच्या आडून "हं, हं" करत ऐकायचे. ते गेले, मिरजेचं घर बंद झालं आणि मुलगा अद्वय आईला चेन्नईला घेऊन आला. शोळिंगनल्लूरला, त्याच्या ऑफिसपासून जवळ, एका गल्लीतल्या छोट्याशा इमारतीत. घर छान होतं, हवेशीर. संध्याकाळी गच्चीवर समुद्राकडचा वारा यायचा. सगळं होतं, फक्त मराठी नव्हतं.

अद्वय आणि सून ऊर्मी सकाळी पाठीला लॅपटॉप अडकवून जायचे, ते दिवेलागण होऊन गेल्यावर उगवायचे. आले तरी दोघांच्या कानांत बोंडं. बाई स्वयंपाकघरातून काही सांगायला लागल्या की अद्वय हातानं खूण करायचा, "आई, कॉलवर आहे." या कॉलनं बाईंना अगदी नकोसं करून सोडलं होतं. शेजारीपाजारी लोक भले होते. हसायचे, मान डोलवायचे, पण बोलायचे तमिळ. बाईंना तमिळमधले दोनच शब्द येत होते, 'वांगा' आणि 'वेंडाम'. या, आणि नको. एवढ्यावर माणूस गप्पा तरी किती मारणार?

अशात त्यांना खंडू भेटला.

खंडू म्हणजे इमारतीच्या आवारात राहणारा तांबूस कुत्रा. एक कान उभा, एक पडलेला, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव, की बोला, मी ऐकतोय. सगळी इमारत त्याला मणी म्हणायची. बाईंनी पहिल्याच दिवशी कुणालाही न विचारता त्याचं नाव खंडू ठेवलं, आणि त्याचीही काही तक्रार दिसली नाही. अद्वय-ऊर्मी गेले की बाई खाली यायच्या, बदामाच्या झाडाखालच्या सिमेंटच्या बाकावर बसायच्या, खंडू पायाशी पसरायचा आणि मग जी गाडी सुटायची, ती उन्हं अंगावर येईपर्यंत थांबायची नाही. सांबारात गूळ का घालत नाहीत, मिरजेच्या कुलकर्णीणबाईंनी मुलीच्या लग्नात किती मिरवून घेतलं, ऊर्मी पोळ्या कशा लाटते. गुणाची पोर आहे हो, पण पोळीचा आकार बघितला तर भूगोलाचा तास आठवतो. खंडू सगळं ऐकून घ्यायचा. मध्येच कान हलवायचा. उमाकांतरावांपेक्षा बराच चांगला श्रोता होता, हे बाईंनी त्यालाच एकदा सांगितलं. एकदा त्या त्याच्यासमोर रडल्यासुद्धा. घरात रडलं की अद्वय घाबरायचा आणि लगेच कुठल्याशा तपासण्यांची वेळ ठरवायचा. खंडूनं नुसतं हनुवटी त्यांच्या चपलेवर टेकवली.

बाकाच्या मागेच तळमजल्याची एक खिडकी होती. तिच्याआड एक म्हातारे गृहस्थ आरामखुर्चीत पेपर घेऊन बसलेले असत. दारावर इंग्रजी पाटी, 'व्ही. कृष्णस्वामी'. म्हणजे तमिळ. संपला विषय. त्यांच्याबद्दलही बाई खंडूशी मोकळेपणानं बोलायच्या, अगदी त्यांच्या देखत. परक्या भाषेच्या गावात हे एक बरं असतं बाई, आवाज खाली आणावा लागत नाही.

"बघ रे खंडू," त्या म्हणायच्या, "धोतर कसं पांढरंशुभ्र, इस्त्री मोडली तर शपथ. आणि तोंड बघ. कारलं चावल्यासारखं! हसले तर सरकार कर लावेल की काय यांना? आणि रोज तासन् तास एकच पान. वाचतात की मागे झोपतात, देव जाणे."

गृहस्थांचा पेपर हलायचासुद्धा नाही.

आता इतकं ऐकून घेणाऱ्याला काहीतरी द्यायला नको का? बाई रोज सकाळ-संध्याकाळ स्टीलची वाटी भरून दूध आणायच्या. तेही साधंसुधं नाही, जाड सायीचं, नारिंगी पाकिटातलं. खंडू ते लपालपा संपवायचा आणि वाटी चाटत चाटत बाकाखाली घेऊन जायचा. ते बघून बाईंना जे समाधान व्हायचं, ते अद्वयच्या बढतीनंही झालं नव्हतं.

ऊर्मीनं पहिल्या आठवड्यातच टोकलं होतं. "आई, मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही. मी वाचलंय."

"कुठे वाचलंस? फोनवरच ना?" बाई म्हणाल्या. "आमच्या गल्लीत कुत्र्यांच्या पिढ्या दुधावर वाढल्या. त्यांच्यातल्या एकाकडेही फोन नव्हता."

ऊर्मीनं हात टेकले. सासूशी वाद घालायचा तर सुट्टी टाकावी लागते, आणि तिच्या सुट्ट्या संपल्या होत्या.

पुढे व्हायचं तेच झालं. खंडूचं पोट बिघडलं. आवारात, पायरीवर, गाड्यांच्या मध्ये, जिथे वेळ गाठेल तिथे. झाडलोट करणारी बाई रोज पाण्याची बादली आपटत काहीतरी बोलायची. ते तमिळमध्ये असलं तरी सगळं समजायचं. बाईंचा जीव कासावीस झाला. खंडूच्या बरगड्या दिसायला लागल्या, डोळे ओढल्यासारखे झाले. आणि पोट बिघडल्यावर काय करायचं हे सरोजिनीबाईंना कुणी शिकवायला हवं होतं का? त्यांनी सहाण काढली, जायफळ उगाळलं आणि दुधात कालवून दिलं.

खंडू आणखी बिघडला. मग त्यांनी दुधात सुंठ घातली. त्यानंही उतार पडेना, तेव्हा दुधात साबूदाणा शिजवून पातळ खीर केली. म्हणजे औषध रोज बदलत होतं, दूध तेवढं बदलत नव्हतं. आजाराला ज्यानं आणलं, त्यालाच बाई रोज वैद्य म्हणून बोलावत होत्या, आणि ते त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. खंडू बिचारा प्रत्येक वाटी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायचा. त्याला कुणी मोडता घालायला शिकवलं नव्हतं.

शुक्रवारी सोसायटीचे सेक्रेटरी अनंतकृष्ण नवी कोरी वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, नेसून देवळाला निघाले आणि खालच्या पायरीवर घसरले. हाडबीड काही मोडलं नाही. पण कशावर घसरले ते वेष्टीवर सगळ्या इमारतीला वाचता येण्याजोगं उमटलं होतं. त्यांनी तिथेच उभ्या उभ्या जाहीर केलं, की हा कुत्रा आता इथे राहणार नाही. एन्नोरला त्यांच्या मेव्हण्याचं गोदाम होतं, तिथे राखणीला कुत्रा हवाच होता. रविवारी मीटिंग, सोमवारी टेम्पो.

"एन्नोर कुठे आलं रे?" बाईंनी अद्वयला विचारलं.

"शहराच्या दुसऱ्या टोकाला, आई. बंदराकडे. वीज केंद्रं आहेत तिथे, लॉऱ्या, राख."

एन्नोर बाईंनी कधी पाहिलं नव्हतं, पण खंडूशिवायची सकाळ कशी असेल ते लख्ख ठाऊक होतं. हा कुत्रा गेला तर दिवसभरात त्यांच्या तोंडून मराठी शब्द निघायचं कारण उरणार नव्हतं. ही गोष्ट मुलाला सांगावी असं त्यांना वाटलं, पण सांगितलीच नाही. आईला बोलायला कुत्रा लागतो हे ऐकून पोराला काय वाटलं असतं?

दुसऱ्या दिवशी ऊर्मीच त्यांना आणि खंडूला रिक्षात घालून जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर भव्या ऊर्मीच्याच वयाची, हसतमुख मुलगी. तिनं खंडूचं पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली आणि मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, काय काय खायला देता?

बाईंनी अभिमानानं सांगितलं. दूध, सायीचं. मग दुधात जायफळ, दुधात सुंठ, दुधात साबूदाणा.

डॉक्टरचं हसू मावळलं. "जायफळ? कुत्र्याला?"

मग तिनं जे सांगितलं, ते ऊर्मीनं सावकाश मराठीत सांगितलं. पिल्लू आईचं दूध पचवतं. मोठा झाला की पुष्कळ कुत्र्यांच्या पोटात दुधातली साखर जिरवायची ताकद उरत नाही. कुणाला चमचाभर चालतं, कुणाला तेवढंही नाही, आणि याला मुळीच नाही. दूध म्हणजे विष नव्हे, पण वाटीच्या वाटी रोज दिलं तर हे असं होणारच. जायफळ मात्र कुत्र्याला बाधतं, जास्त गेलं असतं तर जिवावर बेतलं असतं. आता दूध बंद, खीर बंद. मऊ भात, उकडलेला भोपळा, उकडलेलं अंडं, भरपूर पाणी आणि या गोळ्या.

रिक्षात बाई गप्प होत्या. हे आश्चर्य ऊर्मी पहिल्यांदाच बघत होती.

"म्हणजे मीच गं," अखेर त्या म्हणाल्या. "तो बापडा आजारी पडत होता आणि मीच पाजत होते. आणि तो पीत होता, कारण मी देत होते." त्यांनी पदरानं डोळे पुसले. खंडू त्यांच्या मांडीवर डोकं टाकून झोपला होता. ऊर्मीनं सासूच्या हातावर हात ठेवला, आणि 'मी सांगितलं होतं' हे शब्द गिळून टाकले. खरंच गुणाची पोर!

त्या संध्याकाळी बाईंनी भात-भोपळ्याची वाटी खाली ठेवली. खंडूनं वास घेतला, वाटीत पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस? डॉक्टरीणबाईंना विचार," बाई म्हणाल्या. "मलाही तुला दूध द्यावंसं वाटतंय रे. पण तुझ्या पोटाला माझी माया सोसत नाही त्याला मी काय करू? खा मुकाट्यानं."

खिडकीतला पेपर किंचित खाली आला होता. पण बाईंचं तिकडे लक्ष नव्हतं.

रविवारी मीटिंग भरली. खाली गाड्यांच्या जागेत प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. अद्वयला नेमकं त्याच दिवशी ऑफिसातून बोलावणं आलं. तमिळ थोडंफार येत होतं ते त्यालाच, आणि तोच नाही. ऊर्मीचं इंग्रजी होतं, पण मीटिंग तमिळमध्ये वाहत होती, आणि ती अनंतकृष्णांच्याच बाजूनं वाहतेय हे बाईंना चेहऱ्यांवरून कळत होतं. लोक माना डोलवत होते. कुणीतरी पायरीकडे बोट दाखवलं.

बाई उठून उभ्या राहिल्या. "ऊर्मी, सांग यांना," त्या म्हणाल्या, "म्हणावं, कुत्र्याचा काही गुन्हा नाही. चूक माझी आहे. मी दूध पाजलं म्हणून झालं. पायऱ्या मी धुवीन. माझे गुडघे दुखतात, तरी धुवीन. त्याला नका घालवू. त्याच्याशिवाय मला इथे..."

पुढे त्यांना बोलता येईना. जन्मभर वर्गावर वर्ग गाजवलेली बाई, आणि शब्द सापडेनात. ऊर्मीनं जमेल तेवढं इंग्रजीत सांगितलं. अनंतकृष्णांनी शांतपणे ऐकलं आणि शांतपणेच नकारार्थी मान हलवली. वाईट माणूस नव्हता तो. पण वेष्टी नवी होती.

एवढ्यात मागच्या रांगेतली एक खुर्ची वाजली. तळमजल्यावरचे कृष्णस्वामी उभे राहिले होते. ते तमिळमध्ये बोलू लागले. सावकाश, एकेक शब्द ठेवत. थोड्या वेळानं लोक हसायला लागले. मग बाईंकडे बघून हसायला लागले. बाईंना त्यात 'जायफळ' ऐकू आलं, 'साबूदाणा' ऐकू आला, आणि त्या चक्रावल्या. हे यांना कसं कळलं? अनंतकृष्णसुद्धा ओठ दाबून हसू आवरत होते. शेवटी कृष्णस्वामींनी छातीवर हात ठेवून काहीतरी कबूल केलं. अनंतकृष्णांनी एक निःश्वास सोडला, बोट वर करून एक अट घातली, आणि बरेच हात वर गेले.

कृष्णस्वामी बाईंकडे वळले.

"बाई, आतां बसावें," ते म्हणाले. "कुत्रा कोठेंही जाणार नाहीं. त्यास कोणींही दूध घालूं नये, इतकीच अट आहे. पायऱ्या धुवावयास मी माणूस लावितों."

बाई मटकन खाली बसल्या. कानांवर विश्वास बसेना. चाल तमिळ, हेल तमिळ, शब्द मात्र पणजोबांच्या पत्रातून उठून आल्यासारखे. पण मराठी! स्वच्छ मराठी! आणि मग, एकापाठोपाठ एक, त्यांना स्वतःचीच सगळी वाक्यं आठवू लागली. कारलं. सरकारचा कर. पेपरमागची झोप. ऊर्मीच्या पोळ्या. उमाकांतराव. बाईंना वाटलं, खंडूच्या ऐवजी आपणच जावं एन्नोरला.

लोक पांगले. ऊर्मी खुर्च्या उचलायला लागली. बाईंनी सगळं बळ एकवटून विचारलं, "तुम्हांला मराठी येतं?"

"येतें म्हणजे? आम्ही तंजावरचे. कृष्णस्वामी राव. घरीं अस्के, म्हणजे सगळे, मराठीच बोलायचे. माझी आई सकवारबाई, तिला तर तमिळ शेवटपर्यंत धड आलें नाहीं."

"मग इतके महिने बोलला का नाहीत हो?"

"तुम्ही मला विचारिलें कोठें? तुम्ही बोलत होतां कुत्र्याशीं." म्हाताऱ्याच्या डोळ्यांत हसू होतं, तोंड मात्र तसंच. "शिवाय तोंड हें असें. कारल्याचें. कोणास वाटावें, हा बोलेल म्हणून?"

"अगं आई गं!" बाईंनी पदरात तोंड लपवलं. "माफ करा हो. मला काय माहीत..."

"माफी कशास? पेपराआड मी झोपत नसें, हें मात्र सांगावयाचें होतें. मी ऐकत असें. म्हणूनच एक पान तासभर पुरे." त्यांनी आपल्या खिडकीकडे पाहिलं. "आमची मंडळी गेली, तेव्हांपासून घरीं मराठी नाहीं. मुलगा वेंकट अमेरिकेस असतो, तो फोनवर इंग्रजी बोलतो. कुत्रा एन्नोरास गेला तर तुम्ही बोलाल कोणाशीं? आणि मग मी ऐकूं काय? हेंच मी त्यांस सांगितलें. माझा स्वार्थ आहे, म्हणालों, मणीस ठेवा."

एका दिवसात दुसऱ्यांदा बाईंना शब्द सापडले नाहीत, आणि या वेळी त्यांना त्याचं वाईटही वाटलं नाही.

सोमवारी टेम्पो आला नाही. अद्वय आणि ऊर्मी ऑफिसला गेले. बाई भाताची वाटी घेऊन खाली आल्या, बाकावर बसल्या. खंडू आला, वाटी साफ केली आणि पायाशी पसरला. पोट आता बरंच ताळ्यावर आलं होतं. मागची खिडकी उघडी होती, आणि बाईंना काही केल्या तोंड उघडवेना. नव्या नवरीसारखं झालं त्यांचं. पदर सारखा केला, घसा खाकरला, झाडाकडे पाहिलं. खंडूनं मान वर करून पाहिलं, की आज आहे काय? शाळा बंद आहे का?

"काय हो," खिडकीतून आवाज आला, "आज अस्कें गप्प?"

बाईंनी मागे वळून पाहिलं नाही. त्या खंडूकडेच बघत, पण खिडकीपर्यंत नीट पोचेल अशा आवाजात म्हणाल्या, "खंडू, त्यांना सांग. आम्ही आता खिडकीत बसणाऱ्यांशी बोलत नाही म्हणावं. ऐकायचं असेल तर बाहेर येऊन बाकावर बसायचं."

आत खुर्ची सरकली, आणि दाराची कडी निघाली.